फ्यूजवर चांदी गुंडाळणाऱ्यांनो, जरा इकडे या

पहाटे पावणेतीनला फोन. "साहेब, क्लॅम्प सुटत नाहीये." गाडी काढली, चाकणला पोचलो, पॅनल उघडलं आणि जळक्या प्लॅस्टिकचा भपकारा तोंडावर आला. मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं 16 आउटपुटचं कार्ड, त्यावर क्लॅम्पचा वाल्व्ह चालवणाऱ्या 5 नंबरच्या पॉइंटखाली तपकिरी डाग. आणि कॉमनच्या, म्हणजे सगळ्या पॉइंटना मिळून असलेल्या सप्लायच्या, फ्यूज होल्डरमध्ये? उडालेला काचेचा फ्यूज, त्यावर सिगरेटच्या पाकिटातली चांदी. नीट दोन वेढे, टोकं दाबून बसवलेली. घाईगडबडीत झालेलं काम नाही हे, कुणीतरी निवांत बसून केलंय.

"24 व्होल्टच तर आहे, काय होतंय?" अरे, शॉक लागणार नाही, पण मागे 10 अँपिअरची एसएमपीएस, म्हणजे 24 व्होल्टचा पॉवर सप्लाय, बसलीये ना! कार्डाचा एक पॉइंट अर्ध्या अँपिअरचा, तोही आतून कसलंही प्रोटेक्शन नसलेला. ड्रॅग चेनमध्ये, म्हणजे मशीनबरोबर पुढेमागे सरकणाऱ्या केबलच्या साखळीत, केबल घासून दोन तारा उघड्या पडल्या होत्या. चेन टोकाला गेली की टेकायच्या, परत आली की सुटायच्या. तेवढ्यात त्या पॉइंटचा ट्रान्झिस्टर, म्हणजे आउटपुट चालू-बंद करणारा स्विच, गेला. आणि तो मरतो तेव्हा बहुतेक वेळा आतून शॉर्ट होऊनच मरतो. म्हणजे स्क्रीनवर आउटपुट ऑफ, प्रोग्राममध्ये ऑफ, आणि वाल्व्ह मात्र ओढलेलाच!

शेजारच्या 6 नंबरवर पुशर आहे. 5 च्या जागी 6 गेला असता तर? ऑपरेटर 21 वर्षांचा पोरगा. मला म्हणाला, "साहेब, स्क्रीनवर ऑफ दिसलं म्हणून मी हात घालणारच होतो." हे सांगताना तो हात पॅन्टला पुसत होता, पुन्हा पुन्हा. माझ्या पोटात गोळा आला.

प्रत्येक पॉइंटला 630 मिलिअँपिअरचा स्वतंत्र फास्ट फ्यूज असता, तर ट्रान्झिस्टर कदाचित तरीही गेला असता. मान्य. पण फ्यूज उडून वाल्व्हचा सप्लाय तिथल्या तिथे तुटला असता. ट्रान्झिस्टर शॉर्ट असो नाहीतर आणखी काही, वाल्व्ह सुटला असता. बाकीचे 15 पॉइंट शाबूत, आणि फ्यूज बसवायच्या टर्मिनलवरच्या लाल दिव्यानं कुठली लाइन गेली तेही दाखवलं असतं.

ती फ्यूज टर्मिनलं मूळ ड्रॉइंगमध्ये होती! कॉस्ट कमी करायची म्हणून काढली. पॅनलवाला आजही मलाच समजावतोय, "साहेब, एमसीबी दिलीये ना, सी कर्व्ह, 2 अँपिअर." अरे बाबा, अर्ध्या स्क्वेअर एमएमची केबल, 40 मीटर लांब. जाऊन-येऊन 80 मीटर, म्हणजे जवळपास 3 ओहम. डेड शॉर्ट झाला तरी 8 अँपिअरच्या वर करंट जाणार नाही. तुझी सी कर्व्हची एमसीबी झटक्यात पडायला रेटिंगच्या पाचपट, म्हणजे कमीत कमी 10 अँपिअर लागतात, डीसीवर त्याहून जास्त. ती नुसती तापत बसते आणि इकडे कार्ड जळतं.

इमर्जन्सी दाबली तरी या मशीनवर आउटपुटचा सप्लाय तुटत नाही, हे मी दोनदा लेखी दिलंय. वाल्व्हच्या कॉइलवर बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका जिरवणारे डायोड नाहीत. सगळ्या वायरी करड्या, एकीलाही फेरूल, म्हणजे नंबराची चकती, नाही. ड्रॉइंग म्हणे "ऑफिसच्या कपाटात", आणि रात्री कपाटाला कुलूप.

चांदी गुंडाळणाऱ्या इलेक्ट्रिशियनला सकाळी मी फाडून खाणार होतो. तो म्हणाला, "स्टोअरला तीनदा गेलो, फ्यूज नाहीत. इंडेंट (मागणीपत्र) टाका म्हणाले. आणि वरून लाइन चालू करा, चालू करा." त्यावर मी त्याला काय बोलू? चहाच्या एका कपाएवढ्या किमतीची वस्तू, ती रात्रपाळीच्या माणसाच्या हातात देता येत नाही? जळालेल्या कार्डाच्या जागी नव्याची डिलिव्हरी सहा आठवडे. त्याची पर्चेस ऑर्डर मात्र तासाभरात सही होऊन आली!

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत होता कारण केबल घासत होती. तो फ्यूज महिनाभर ओरडून तेच सांगत होता. कुणी चेन उघडून पाहिली नाही, त्याचं तोंड तेवढं चांदीनं बंद केलं.

दुपारी भोसरीला जाऊन 16 फ्यूज टर्मिनलं स्वतःच्या पैशानं आणली. जुनं स्पेअर कार्ड हाताशी आहे, केबल बदलून झालीये. प्रॉडक्शनचा दर दहा मिनिटांनी फोन येतोय. येऊ दे. सोळाही टर्मिनलं बसून, एकेक पॉइंट मी स्वतः तपासल्याशिवाय त्या पोराला मशीनसमोर उभं करणार नाही.