'जेवलास का?' हा प्रश्न खरा असतो

आमच्या ऑफिसात एक नवीन पोरगं आलंय, हुशार आहे, कामाला चोख, पण परवा टपरीवर चहा पिताना म्हणालं, सर, मी आता कुणाला 'कसं काय' विचारणं बंदच केलंय, सगळं फेक असतं, विचारणाऱ्याला ऐकायचं नसतं आणि सांगणाऱ्याला सांगायचं नसतं, कशाला तोंडाची वाफ दवडायची. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, चहा संपला, सगळे वर गेले, पण डोक्यातनं ते जाईना, म्हणून इथे लिहितोय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

त्याचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. लिफ्टमध्ये 'काय, बरंय ना?' 'बरंय, तुमचं?' एवढं होईपर्यंत दार उघडतं आणि दोघं दोन दिशांना जातात, कुणाला काही कळलेलं नसतं. आणि आपल्याकडे तर त्याहून भारी प्रकार आहे, माणूस दारात उभा असतो आणि आपण विचारतो 'आलास का?' हातात भाजीची पिशवी दिसत असते तरी 'काय, भाजी आणली वाटतं?' मालिनोव्स्की नावाचे एक मोठे मानववंशशास्त्रज्ञ होते, मूळचे पोलंडचे, पॅसिफिकमधल्या ट्रॉब्रिअँड बेटांवर राहून त्यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला होता. त्यांनी १९२३ साली या असल्या बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' असं नाव दिलं. तब्येतीची चौकशी, हवापाणी, समोर दिसतंय तेच बोलून दाखवणं, हे माहितीसाठी नसतंच मुळी, असं त्यांचं म्हणणं. समोर आलेला अनोळखी माणूस गप्प राहिला की भीती वाटते, ती भीती जावी, दोन माणसं जोडली जावीत म्हणून हे बोलणं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी सांगून ठेवलंय की हा प्रश्न प्रश्न नसतो. पण लोक त्यावरून लगेच पुढची उडी मारतात की मग तो पोकळच. तिथे माझं भांडण आहे.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात, मूळचे कोल्हापूरकडचे. आठ वर्षं आमचं एकच संभाषण होतं, ते गाडी पुसत असायचे, मी निघालेलो असायचो, 'काय, निवांत?' 'निवांत.' बास. यापलीकडे एक शब्द नाही. मग २०२१ चा एप्रिल आला, कोरोनाची दुसरी लाट, आमचे अण्णा ॲडमिट झाले, आणि पुण्यात तेव्हा काय परिस्थिती होती ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. रात्री नऊला या माणसाचा फोन. सोसायटीच्या ग्रुपवरनं नंबर काढला होता. म्हणाले, ऑक्सिजन किती आहे अण्णांचा? रेमडेसिविर मिळालं का? गाडी लागणार असेल तर माझी घेऊन जा, किल्ली खाली वॉचमनकडे ठेवतो. मी जिन्यात बसून रडलो तेव्हा. आठ वर्षांचं ते 'निवांत?' मी फुकटचं समजत होतो. पण ते नसतं तर त्यांना माझी आठवण आली असती का, आणि आली असती तरी रात्री नऊला फोन करायचं धाडस झालं असतं का? मला नाही वाटत. रोज एक शब्द टाकून त्यांनी वाट मोडू दिली नव्हती. शेतातली पायवाट रोज तुडवली तरच राहते, चार महिने कुणी गेलं नाही की गवत येतं, तसंच हे.

अण्णा गेले. ते गृहस्थ मास्क लावून दारापर्यंत आले, लांबूनच हात जोडले, थोडा वेळ उभे राहिले, आणि काही न बोलता गेले. आता बघा, आपल्याकडे कुणाच्याही घरून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. सवयीचा शब्द आहे, कुणी त्याचा विचार करत नाही. पण दुखवट्याच्या घरातून निघताना तोच शब्द आपण गिळतो, कारण अशा कारणासाठी परत यायला लागू नये. हे शब्द पोकळ असतील तर ही काळजी कशासाठी? अर्थ नसलेला शब्द कुठे बोलला काय आणि नाही बोलला काय.

'कुठे निघालास'चंही तसंच. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये, काम होत नाही, असं आमच्या घरात मानायचे, विचारायचंच असेल तर 'लांब का?' म्हणायचं. मी शकुन-अपशकुन मानत नाही, पण ज्यांनी ही रीत पाडली त्यांना समोरच्याचं काम व्हावं असं वाटत होतं, एवढं तर दिसतंच ना त्यात. आणि 'बरंय ना?' मधला तो 'ना' बघा, किंवा कोल्हापूरकडचं 'बरं हाय नव्हं?' विचारतानाच उत्तर सांगून टाकलंय, बरं असू दे रे बाबा असं. मी तरी याला सदिच्छाच म्हणेन, प्रश्नचिन्ह लावलेली.

पण मला खरं सांगायचंय ते आज्जीबद्दल. आमचं गाव माण तालुक्यात, साताऱ्याचा दुष्काळी पट्टा. आज्जी ओट्यावर बसायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, 'जेवलास का रं?' पोस्टमन, शाळेतनं येणारी पोरं, मेंढरं घेऊन चाललेला धनगर, सगळ्यांना. उत्तर मिळेपर्यंत नजर हलवायची नाही. आणि कुणी 'न्हाय' म्हणालं तर आत घेऊन भाकरी वाढायची, मग ती चटणीशी का असेना. लहानपणी मला वाटायचं हिला दुसरं काही विचारायला सुचत नाही.

एकदा तिनंच सांगितलं. १९७२ चा दुष्काळ, ती आणि आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, तिथे सुकडी, म्हणजे मजुरांना वाटायचं ते कोरडं खाणं, मिळायची, रेशनला ती लाल मिलो ज्वारी. म्हणाली, त्या सालात गल्लीत कुणी कुणाला 'जेवलास का' विचारायचं नाही. मी विचारलं, का? तर म्हणाली, 'त्यो न्हाय म्हणला आस्ता तर? घालायचं काय व्हतं?'

हे ऐकल्यापासून मला हा प्रश्न कधीच पोकळ वाटला नाही. विचारलं की ताट वाढायची जबाबदारी येते, हे त्या बायकांना इतकं पक्कं माहीत होतं की वाढायला काही नव्हतं तेव्हा त्यांनी प्रश्नच बंद ठेवला. आणि दुष्काळ सरल्यावर आज्जीनं तो पुन्हा सुरू केला तो शेवटपर्यंत. जुन्या चिनी माणसांतही भेटल्यावर 'जेवलात का' असंच विचारायची पद्धत आहे म्हणतात, तिथेही भुकेचे दिवस कमी आले नाहीत.

आता ऑफिसातल्या पोराचं उरलेलं अर्धं. त्याचा राग खोटा नाही. कर्जाच्या हप्त्याला दोन दिवस उशीर झाला की फोन येतो आणि पलीकडचा माणूस कागदावरचं वाचल्यासारखं 'सर, कसे आहात आपण?' म्हणतो, तेव्हा माझंही डोकं फिरतं. अण्णा गेल्यावरच्या महिन्यातही 'कसं काय?' ऐकलं की अंगावर यायचं, कारण 'बरंय' म्हणणं खोटं आणि खरं सांगणं जमत नव्हतं. तेव्हा गावाकडचा 'राम राम' किती मायाळू आहे ते कळलं, किंवा 'जय भीम', समोरचा जे म्हणतो तेच परत म्हणायचं, तुम्ही कसे आहात याचा हिशेब द्यावा लागत नाही.

पण यावर उपाय विचारणं बंद करणं हा नाही रे. थोडं पुढे जाऊन विचारणं हा आहे. 'जेवलास का?' ला 'हो' म्हणून सुटता येतं. 'काय जेवलास?' ला नाही सुटता येत. 'का'चं 'काय' केलं की माणूस थांबतो, आठवतो, आणि खरं बोलायला लागतो. 'बरंय ना' पेक्षा 'गुडघा कसाय आता?' आणि खरंतर आपल्याकडची सगळ्यात खरी चौकशी बऱ्याचदा प्रश्नच नसते, 'वाळलास रे', 'दिसला नाहीस चार दिवस'. एवढं बोलायला आधी बघितलेलं असावं लागतं माणसाला.

काल रात्री गावी काकीला फोन केला. काका गेल्यापासनं एकटीच असते.

'काकी, जेवलीस का?'

'व्हय, जेवले की.'

इतर वेळी मी इथं 'बरं, काळजी घे' म्हणून फोन ठेवला असता. काल विचारलं, काय केलं होतंस?

गप्प झाली जरा. मग म्हणाली, 'एकल्या जिवाला काय करायचं रं. दूधभात खाल्ला. भाकरी थापायचंच सोडलंय म्हैना झाला.'

मग वीस-पंचवीस मिनिटं बोलत होती, काकांचं, म्हशीचं, विहिरीच्या पाण्याचं. रविवारी जातोय गावी. तिला सांगितलंय, पीठ दळून ठेव, दोघांच्या भाकरी थापायच्यात.