मार्केट छोटं म्हणे!

बोरिवलीहून येऊन वाकडला फ्लॅट घेतलेला एक महाभाग आमच्या ऑफिसात आहे. आयपीएल सुरू झाली की डबा उघडायच्या आधी याचं तोंड उघडतं. "तुमच्या पुण्याचं मार्केटच छोटं रे, म्हणून तुमची टीम टिकत नाही." दरवर्षी हेच. डोकं फिरतं राव!

छोटं? २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ५० लाखांच्या घरात होतो. आणि रोज संध्याकाळी हिंजवडीच्या चौकात हॉर्न बडवत रखडतोस, ती गर्दी कुठल्या खेड्यातली?

आता पैशाचं बोलू. २००८ ला मुंबईची टीम विकली गेली ११ कोटी डॉलरच्या थोड्या वर. २०१० ला पुण्याची गेली ३७ कोटी डॉलरला. तिपटीहून जास्त! मार्केट छोटं होतं तर हे पैसे काय पर्वतीला नवस बोलून दिले? बरं, आयपीएलमध्ये लिलावाची थैली सगळ्यांना सारखी, टीव्हीच्या पैशाचा मोठा वाटा सगळ्यांत वाटला जातो. शहर मोठं म्हणून कप मिळत असता तर दिल्लीच्या कपाटात एक तरी दिसला असता. पहिल्याच वर्षी कप नेला तो सगळ्यात स्वस्त टीमने, राजस्थानने. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये श्रीमंत क्लब हवे ते खेळाडू उचलतात, तिथे हे रडगाणं एकवेळ शोभेल. इथे नाही.

पुणे वॉरियर्स बुडाली ती रद्दी खेळामुळे आणि मालक-बोर्डाच्या पैशाच्या भांडणामुळे. तीन मोसमांत गाशा गुंडाळला. मग आली सुपरजायंट्स. चेन्नई-राजस्थानवर बंदी होती म्हणून दोन वर्षांपुरती, म्हणजे भाडेकरूच. (दुसऱ्या वर्षी नावातला 'स' उडवला. कशासाठी, देव जाणे.) तीच टीम २०१७ च्या फायनलला एका धावेने हरली, मुंबईकडून. १३० करायच्या होत्या. एकशे तीस! आणि पुढच्या वर्षी टीमच नाही. हे मार्केटने केलं का रे?

त्याच पुढच्या वर्षी कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे सामने पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर आले. सगळं स्टेडियम चेन्नईच्या पिवळ्या रंगात. लोक चेन्नईहून खास रेल्वेने आले होते हे खरं, पण शेजारच्या खुर्च्यांवर आपलेच कोथरूड-निगडीवाले पिवळे टी-शर्ट घालून घसा फोडत होते. गिऱ्हाईक होतं की. दुकानच उचलून नेलेलं.

फुटबॉलची कथा तर बोलूच नका. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीग या देशातल्या फुटबॉल लीगमध्ये दुसरी आली, दोन वर्षांत बंद. एफसी पुणे सिटी आयएसएल या दुसऱ्या लीगची सेमीफायनल खेळली, पुढच्याच वर्षी संपली. तिची जागा हैदराबादला गेली आणि तिसऱ्या मोसमात ते चॅम्पियन! आणि आय-लीग २०१७ ला कोणी जिंकली? मिझोरमच्या ऐजॉलने. आपल्या पुण्यापुढे चिमुकल्या गावाने.

आणि हो, प्रो कबड्डीतली आपली पुणेरी पलटण. २०१४ पासून तेच नाव, तेच शहर. सुरुवातीला तळाशी होती, पण कोणी उचलून दुसरीकडे नेली नाही. पोरं घडवली, २०२२ ला फायनल हरली, २०२४ ला कप आणला. हे सांगितलं तर बोरिवलीकर पोळीचा तुकडा मोडत म्हणतो, "कबड्डी धरू नकोस रे."

का धरू नको? तुझ्या बापाची लीग आहे?