लाईट गेली

परवा भाचीच्या निबंधाच्या वहीत तांबड्या शाईची रेघ दिसली. 'संध्याकाळी लाईट गेली आणि आजी गोष्ट सांगू लागली' असं तिने लिहिलं होतं. वर दुरुस्ती होती : 'वीजपुरवठा खंडित झाला'. लाईट म्हणजे प्रकाश, वीज नव्हे, असं बाईंनी वर्गात समजावलं म्हणे.

मला ती रेघ फार लागली.

विजेला प्रकाशाचं नाव आपण अडाणीपणाने दिलेलं नाही. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज विकायला काढली ती दिव्यांसाठीच. पंखे, यंत्रं चालवणाऱ्या मोटारी मागून आल्या. अमेरिकेच्या दक्षिण भागात अजूनही लोक 'लाईट बिल' भरतात. नायजेरियात वीज गेली की 'लाईट नेली' म्हणतात. तिथल्या आणि आपल्या माणसांची कधी गाठ पडली नसेल, पण शब्द त्याच वाटेने गेला.

आपल्याकडे तर तो पुरता घरचा झाला. वीज आणि बत्तीसारखा स्त्रीलिंगी झाला. लाईटीचा खांब, लाईटीवर चालणारी गिरणी : सामान्यरूपसुद्धा आपलंच. गंमत म्हणजे 'लाईट घे' यातला लाईट वेगळा. तो हलका या अर्थाचा, इंग्रजीतही त्याचं मूळ निराळं. फुप्फुसाला 'लंग' म्हणतात ते त्याच मुळातून, कारण तो अवयव वजनाला हलका. आपण 'गेली' म्हटलं की एक लाईट, 'घे' म्हटलं की दुसरी. कुणाचा घोटाळा होत नाही.

माझा भाऊ भर दुपारी शेतातून फोन करतो, "दादा, लाईट आहे का रे?" डोक्यावर ऊन असतं, त्याला मोटर चालू करायची असते. आमच्या भागात शेतीची थ्री फेज, म्हणजे मोटर चालवणारी वीज, पाळीने येते, दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास. रात्रीची पाळी असली की तो बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीकडे जातो. लाईट असते, उजेड नसतो. एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात मावतो आणि आपण तो चूक म्हणून खोडतो?

सोमवारी शाळेत जाऊन बाईंना भेटणार आहे. अर्जात, बातमीत 'वीजपुरवठा खंडित' खुशाल लिहावं. आजीच्या गोष्टीत मात्र लाईटच गेलेली राहू द्या, एवढं मागणार आहे.