कॉमेंटच तर आहे, करा मंजूर!

ऑडिओ ड्रायव्हरच्या (आवाजाची चिप चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कोडमधल्या फक्त कॉमेंट, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, बदलणारा पॅच तुमच्याकडे रिव्ह्यूला आला, तर आधी अभिनंदन! असं आयतं काम नशिबानेच मिळतं. कोडची एक ओळ हललेली नाही, टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर तर कॉमेंटकडे ढुंकूनही बघत नाही. मग तुम्ही कशाला बघायचं? चवथ तोंडावर आलीय, गणपतीच्या माटोळीचं सामान आणायला म्हापशाच्या बाजारात जायचंय, वर आभाळ भरून आलंय. स्कूटरला किल्ली लावता लावता मोबाइलवरूनच मंजुरी देऊन टाका. तरीही मनात अपराधी वाटत असेल, तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी.

पॅचच्या वर्णनात ‘नो फंक्शनल चेंज’ (कोडच्या कामात बदल नाही) हे शब्द आहेत का, तेवढं बघा. असतील तर खाली उतरू नका. ज्याने बदल केला त्यानेच स्वतःला प्रमाणपत्र दिलंय, त्याच्यावर अविश्वास दाखवणं बरं दिसत नाही.

अर्थात अगदीच काही न बोलता मंजुरी दिलीत, तर वाचलंच नाही असं पात्रावांना, म्हणजे साहेबांना, वाटेल. यासाठी स्पेलिंग असतं. ‘अकर्ड’मध्ये आर एक की दोन, यावर कडक शेरा मारा. वाक्य कॅपिटल अक्षराने सुरू झालंय का, शेवटी पूर्णविराम आहे का, ते तपासा. ओळ ८० अक्षरांच्या पुढे गेली तर ती अजिबात चालवून घेऊ नका. लिनक्स कर्नलच्या चेकपॅच या शैली तपासणाऱ्या स्क्रिप्टने इशाऱ्याची मर्यादा २०२० मध्येच १०० वर नेली, पण कर्नलवाल्यांना काय, त्यांना कामं नसतात. असे पाच-सहा शेरे मारले की रिव्ह्यू कसा भरगच्च दिसतो, आणि कॉमेंटमध्ये काय म्हटलंय ते खरं आहे का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आकडे दिसले तर जरा नीटनेटके करून घ्या. एका ओळीत मास्टर क्लॉक १२.२८८ मेगाहर्ट्झ आणि लगेच खालच्या ओळीत ११.२८९६ मेगाहर्ट्झ दिसला, तर उघडच आहे, कुणाचा तरी हात चुकलाय. दोन्ही सारखे करा. सेकंदाला ४८,००० सॅम्पल गुणिले २५६ म्हणजे पहिला आकडा आणि ४४,१०० गुणिले २५६ म्हणजे दुसरा, हे पडताळायला कॅल्क्युलेटर लागतो. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतो, आणि मोबाइल मंजुरी देण्यात गुंतलाय.

पिरियड, म्हणजे आवाजाचा एका वेळी हाताळायचा तुकडा, १०२४ फ्रेम्सचा की १०२४ बाइट्सचा, यात एवढं काय? सोळा बिटांच्या स्टिरिओत फ्रेम चार बाइटांची, म्हणजे चौपटीचाच तर फरक.

चोवीस बिटांचं सॅम्पल चार बाइटांत ठेवलंय की तीन, असं सांगणारी कॉमेंट उडवली तरी चालेल. पुढे कुणी गोंधळलाच तर गाण्याऐवजी खरखर येईल, आणि आपल्याकडे पावसाळ्यात खरखर कशातून येत नाही?

जुनी कॉमेंट क्लिष्ट वाटली तर ती एआयकडून सोपी करून घेतलेली असते, तिचं कौतुक करा. ‘सेट व्हॉल्यूम’ नावाच्या फंक्शनवर आता सुबक तीन ओळी येतात, की हे फंक्शन व्हॉल्यूम सेट करतं. आधी तिथे एवढंच होतं, की या चिपमध्ये रजिस्टरमधला (चिपच्या सेटिंगच्या कप्प्यातला) आकडा वाढला की आवाज कमी होतो. पण ते कसं नकारात्मक वाटायचं.

‘कंपायलर कॉमेंट वाचत नाही’ हे वाक्य मीटिंगमध्ये ठासून म्हणायला विसरू नका. कुणीतरी हळूच सांगेल, की २०१७ साली आलेला जीसीसी ७ हा कंपायलर स्विचमध्ये ब्रेक नसलेल्या केसखाली ‘फॉल थ्रू’ अशी कॉमेंट शोधायचा, ती असली तर गप्प बसायचा, नसली तर इशारा द्यायचा. इशाऱ्यालाच चूक मानणारा बिल्ड तिथेच अडायचा. कर्नलने पुढे त्यासाठी वेगळा मॅक्रो आणला, पण आमच्यासारख्यांच्या घरगुती शाखांमध्ये जुन्या कॉमेंट अजून नांदताहेत. तोच माणूस पुढे सांगेल, की दोन चांदण्यांनी सुरू होणारी कॉमेंट कर्नल-डॉक या दस्तऐवज बनवणाऱ्या साधनासाठी असते आणि तिच्यातलं पॅरामीटरचं नाव चुकलं तर ते साधनही इशारे देतं. अशा माणसाला पुढच्या मीटिंगला बोलावू नका.

आवाज सुरू-बंद करणाऱ्या ‘ट्रिगर’ फंक्शनच्या डोक्यावर ‘इथे झोपू नका, इथून कोडेकला (आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपला) हात लावू नका’ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. हे सर्वांना माहीतच असतं, असा शेरा लिहून काढायला लावा. एएलएसए, म्हणजे लिनक्सची आवाजाची व्यवस्था, हे फंक्शन सहसा स्पिनलॉक (ज्यात थांबायला मनाई असते असं कुलूप) धरून बोलावते, कोडेक आयटूसी या तारांवर बसलेला असतो आणि आयटूसीशी बोलताना थांबावं लागतं, एवढं तर परवा कॉलेजातून आलेल्या पोरालाही पाळण्यातच समजलेलं असतं. नाही का?

आता विलंबांच्या कॉमेंट. यावर थोडं सविस्तर बोलायला हवं.

ड्रायव्हरमध्ये कुठेतरी ‘४०० मिलिसेकंद थांबा’ असा कोड असतो आणि त्याच्यावर कुणा जुन्या माणसाने लिहिलेलं लांबलचक पुराण असतं. आमच्याकडे होतं. त्याचा मथितार्थ असा : व्हीमिडचा कॅपॅसिटर भरेपर्यंत थांबा. डेटाशीटमधला (चिपच्या माहितीपत्रकातला) आकडा छोट्या कॅपॅसिटरचा आहे, आपल्या बोर्डावर मोठा बसवलाय. हा वेळ कमी केला तर स्पीकरमधून फट्ट आवाज येतो. बोर्डावर मोजलेलं आहे, कमी करू नका. चार ओळी. इंग्रजी धेडगुजरी, स्पेलिंग चुकलेलं, ‘कॅपॅसिटर’सुद्धा दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेला. लिहिणारा केव्हाच बंगळुरूला गेला. अशा कॉमेंटवर स्वच्छतेचा पॅच आला नसता तरच नवल. आला. चार ओळींची एक ओळ झाली : ‘व्हीमिड स्थिर होईपर्यंत थांबा.’ शुद्ध, सुटसुटीत, ८० अक्षरांच्या आत. रिव्ह्यू करणाऱ्याने एलजीटीएम (‘लुक्स गुड टू मी’) अशी चार अक्षरं ठोकली. पुढे अंगठा. पॅच आत.

इथपर्यंत खरंच काही बिघडलं नव्हतं बघा. कोडची ओळ तीच, ४०० मिलिसेकंद तेच. ‘नो फंक्शनल चेंज’ शंभर टक्के खरं!

मग पुढच्या शहाण्याने पाहिलं, की आमची घोषणांची पेटी झोपेतून उठायला वेळ लावते. तो शोधत शोधत त्या ओळीपाशी आला. तिथे कारण काही नव्हतं. त्याने डेटाशीट काढली, छोट्या कॅपॅसिटरचा आकडा वाचला आणि ४०० चे ५० केले. त्या बिचाऱ्याला मी काय बोलू? त्याने डेटाशीट तरी उघडली! त्याला जे सांगायला हवं होतं ते सांगणाऱ्या चार ओळी आदल्या महिन्यात तुम्ही मिरवत कचऱ्यात घातल्या होत्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आमच्या कोडेकला एकच पुरवठा असतो, म्हणून त्याचा आवाज पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजभोवती खाली-वर होतो. ते निम्मं व्होल्टेज म्हणजे व्हीमिड. त्याला एक कॅपॅसिटर लावलेला असतो आणि तो सावकाश भरतो. तो भरायच्या आत अॅम्प्लिफायर उघडला, की ती अर्धवट चढण एकदम स्पीकरवर आदळते. बाकी काही नाही, एक फट्ट. लहान स्पीकरवर टिचकी वाजल्यासारखी वाटेल. मंडपात लावलेल्या मोठ्या भोंग्यावर ती टिचकी राहत नाही.

आणि टेस्टमध्ये का नाही सापडलं? कारण आमची टेस्ट एकच सूर रात्रभर वाजवते. स्ट्रीम बंद झाल्यावर एएसओसी (एएलएसएचा अशा चिप सांभाळणारा भाग) लगेच कोडेकची वीज काढत नाही, मूळ सेटिंगमध्ये ५ सेकंद वाट बघतो. दोन गाण्यांच्या मधे फट्ट होऊ नये म्हणूनच ती सोय आहे. टेस्टमध्ये आवाज कधी थांबतच नाही, मग कोडेक झोपणार कधी आणि उठणार कधी? ऑफिसात सगळं हिरवं.

नवरात्र ऑफिसात नसते. फोंड्याकडच्या एका देवस्थानात आमची पेटी घोषणांसाठी लावलेली. रात्रीचं कीर्तन रंगात आलेलं, त्यानंतर मखर हलायचं, माणसं दाटीवाटीने बसलेली. आणि कीर्तन चालू असताना घोषणा कसल्या असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. जीए ०५ ने सुरू होणारी पांढरी गाडी वाटेतून काढावी. फट्ट! छोट्या मुलाचे आईवडील ऑफिसपाशी यावेत. फट्ट! तीच पांढरी गाडी, शेवटची विनंती. फट्ट! दोन घोषणांमध्ये पाच सेकंदांहून जास्त वेळ गेला, की कोडेक झोपणार, पुढच्या घोषणेला अर्धवट जागा होणार आणि बुवांच्या ऐन निरूपणात फटाका उडवणार. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या दचकून मागे वळतात, पोरं हसतात, बुवा थांबतात. फोन मला आला. ‘अगो बाय, पेटयेत फटाके भरून दिलेत की काय तुम्ही?’

ऑसिलोस्कोप डिकीत घालून मी गेले, देवळाच्या पायरीवर बसून प्रोब लावला, व्हीमिडचा चढ पाहिला आणि कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारं गिट ब्लेम केलं. ब्लेममध्ये कोणाचं नाव आलं? स्वच्छता करणाऱ्याचं. चार ओळी कुणी का लिहिल्या होत्या ते बघायला त्याच्याही मागे जावं लागलं. मंजुरी देणाऱ्याचं नाव खाली ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून सुबक अक्षरात होतंच. त्या ओळीचा अर्थ कर्नलच्या दस्तऐवजात लिहिलेला आहे : मी हा बदल तपासला, माझं समाधान झालं, असं ते विधान आहे. हजेरीपटावरची सही नव्हे ती! काय तपासलंत? सांगा ना. कॅपॅसिटर तपासलात? बोर्डाचं स्किमॅटिक उघडलंत? निदान लाल रंगात दिसणाऱ्या उडालेल्या चार ओळी वाचल्यात?

वर तत्त्वज्ञान ऐकवतात, की कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येच म्हटलंय, कॉमेंट कमी लिहा. काय म्हटलंय ते पुरतं वाचा. कोड कसा चालतो हे कॉमेंटमध्ये सांगत बसू नका, असं म्हटलंय. तो काय करतो आणि का करतो, ते सांगायला कुणी मना केलेली नाही. ‘४०० मिलिसेकंद थांबतो’ हे कोडमध्ये दिसतंच. ‘मोठा कॅपॅसिटर आहे म्हणून’ हे कोडमध्ये कुठे दिसणार? कॅपॅसिटर काय सी भाषेत लिहिलेला असतो? तो बोर्डावर असतो, बोर्ड पेटीत असतं, पेटी देवळात असते आणि तुम्ही पर्वरीला खुर्चीत असता.

पेटीतली ती जुनी चिप आता कुठे मिळत नाही म्हणून तिच्या दोषांवरच्या कॉमेंट काढा, असंही परवा एकाने सुचवलं. बाजारात मिळत नसेल, पण भिंतीवर टांगलेली आहे ना! तिला काय आता लाथ मारून काढू?

मी उडालेल्या चार ओळी परत घालणारा पॅच पाठवला, ४०० सुद्धा परत केले, शेजारी कॅपॅसिटरची किंमत लिहिली आणि मोजणीचा आलेख जोडला. पहिला शेरा आला : कॉमेंट फार लांब आहे, एका ओळीत बसवाल का?

नाही बसवणार. तुमचा आळस झाकायला सुटसुटीतपणाचं नाव देऊ नका. कॉमेंट उडवणारा पॅच समोर आला, की लाल ओळीत जे सांगितलंय ते आता खोटं झालंय का, एवढं विचारा. खोटं झालं असेल तर पुरावा मागा. खरं असेल तर पॅच परत पाठवा, पाठवणारा तुमचा मेव्हणा असला तरी. आकडा असेल तर गुणाकार करा. रजिस्टरचं नाव असेल तर डेटाशीटचं ते पान उघडा, आणि बोर्डाबद्दल काही लिहिलं असेल तर हार्डवेअरच्या माणसाला विचारा, तो शेजारच्याच टेबलावर चहा पीत बसलेला असतो. एवढा वेळ नसेल तर ‘मला वेळ नाही’ असं लिहा. त्यात लाज नाही. न वाचता अंगठा लावायची मात्र लाज वाटलीच पाहिजे. आणि मोबाइलवरून तर मुळीच नाही, त्या पाच इंची पडद्यावर उडालेल्या ओळी घडी घालून लपवलेल्या असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

माझा पॅच अजून तिथेच पडून आहे. आता उघडा तो, आणि या वेळी वाचा.