लिव्हरची गाठ फुटल्यावर शेक द्या म्हणणाऱ्यांनो

काल रात्री ११ ला मामीचा फोन. "अगं, ह्यांच्या पोटात दुखायला लागलं तर गरम पिशवीनं शेकायचं ना?" म्हटलं हे कुठून काढलंस, तर ग्रुपवर फिरणारा तो फॉरवर्ड, 'लिव्हर कॅन्सरची गाठ फुटली तर ऑपरेशन करूच नका', खाली हात जोडलेले इमोजी. मामाला सिरॉसिस आहे (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं), लिव्हरच्या अगदी कडेला ६ सेंटीमीटरची गाठ आहे आणि मी सर्जिकल आयसीयूत नर्स आहे, डोकं फिरणार नाही तर काय.

फॉरवर्डमधला सगळ्यात भयंकर सल्ला हाच, की शेक द्या, हळदीचं दूध पाजा, झोपवून ठेवा, रक्त आतल्या आत जिरतं. कसलं जिरतंय! कडेची गाठ फुटली की रक्त थेट पोटाच्या पोकळीत. अचानक कळ येते, पोट टम्म होतं, माणूस घामानं डबडबतो, हातपाय गार, बीपी लागत नाही. पोटात सुई घातली की सिरिंजमध्ये रक्त येतं आणि ट्रेमध्ये ठेवलं तरी ते गोठत नाही, हे मी स्वतः बघितलंय. आणि दूध पाजलेलं असलं तर भूल देताना ते फुफ्फुसात जायची भीती वेगळीच.

फॉरवर्डमधलं पुढचं, 'फुटली की कोणीच वाचत नाही'. बरीच माणसं जातात, खरंय. पण रक्त थांबवता येतं. गाठीला रक्त मुख्यतः हिपॅटिक आर्टरीतून (लिव्हरच्या धमनीतून) मिळतं, बाकी लिव्हरला जास्त करून पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून). म्हणून जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीची तेवढी फांदी बंद करतात, लिव्हर सहसा तग धरतं (कावीळ चढलेली असेल तर मात्र अवघड). ते जमलं नाही तर पोट उघडून लिव्हरभोवती मॉप (कापडी घड्या) दाबून ठेवतात, एक-दोन दिवसांनी काढतात.

आता नाइलाजानं एक कबूल करते, घाईत गाठीसकट लिव्हरचा भाग कापून काढू नये यात तथ्य आहे. हाँगकाँगच्या लाय आणि लाउ या सर्जननी २००६ मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी'त आधीचे पेपर एकत्र तपासले. तातडीनं कापलं तिथे हॉस्पिटलमध्येच दगावण्याचं प्रमाण १६.५ ते १०० टक्के, आधी रक्त थांबवून नंतर कापलं तिथे ० ते ९. अर्थात नंतरच्या ऑपरेशनपर्यंत जरा धडधाकट पेशंटच पोचतात, ते धरूनच हे वाचायचं. पण तिथवर पोचायला आधी हॉस्पिटल गाठायला लागतं ना!

'चाकू लागला की पसरतो'. अहो, गाठ फुटते तेव्हाच पेशी पोटात सांडलेल्या असतात, चाकू नंतर येतो.

'पैशासाठी रक्ताच्या बाटल्या चढवतात'. बिलावरून जरूर भांडा, फक्त बीपी ७० असताना नको.

मामीला सांगितलं, अशी कळ आली तर तोंडानं काही द्यायचं नाही, घरातली दुखण्याची गोळीसुद्धा नाही, १०८ लावायचा आणि फाईल सोबत घ्यायची. तर म्हणते, "पिशवी आज दुपारीच आणली गं मेडिकलमधून."

ठेव म्हटलं, तुझ्या गुडघ्यांना होईल.