पाच वेळा ट्रेड झालेला रिक टॉकेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

आइस हॉकीचा खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक झालेल्या रिक टॉकेटवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचे आक्षेप तीन. ज्याला पाच वेळा ट्रेड करून, म्हणजे बदल्यात दुसरं काही घेऊन, दुसऱ्या संघाच्या गळ्यात बांधलं, तो खेळाडू कुणालाच नको होता. असा माणूस पुढे व्हँकुव्हरला वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला, तो केवळ नशिबाने. आणि सट्टेबाजीचं प्रकरण लेखात एका ओळीत उरकलं.

तिसरं आधी घेतो. फेब्रुवारी 2006 मध्ये न्यू जर्सीच्या पोलिसांनी सट्ट्याचं एक जाळं उघडकीस आणलं, त्यात टॉकेटचं नाव होतं. तेव्हा तो फिनिक्सच्या संघात मुख्य प्रशिक्षक वेन ग्रेट्झ्कीचा (हॉकीतला सर्वात मोठा मानला जाणारा खेळाडू) सहायक होता. 2007 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. तुरुंगवास झाला नाही, दोन वर्षं परिवीक्षेची (प्रोबेशनची) शिक्षा झाली. हॉकीच्या सामन्यांवर पैसे लावल्याचा पुरावा मिळाला नाही आणि 2008 च्या सुरुवातीला तो कामावर परतला. एवढं सगळं लिहूनही त्याच्या खेळाबद्दलचं मत इकडचं तिकडे होत नाही.

आता ट्रेड. आयपीएलमध्ये संघाने सोडलेला खेळाडू लिलावात उभा राहतो, तुमचं ‘नको होता’ तिथून आलेलं दिसतं. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक हॉकी लीग) चालू करारासकट खेळाडू दुसऱ्या संघाकडे जातो. करारात तशी अट घालून घेतलेली नसेल तर त्याला कुणी विचारतही नाही. म्हणून किती वेळा गेला हे मोजण्यापेक्षा बदल्यात काय द्यावं लागलं ते पाहायचं.

फेब्रुवारी 1992 चा सौदा घ्या. पिट्सबर्ग तेव्हा गतविजेता होता. मारिओ लेम्यू, यारोमिर यागर, रॉन फ्रान्सिस अशी माणसं असताना गोलांची चणचण नव्हती. कमी होती ती गोलच्या तोंडाशी मार खात उभं राहणाऱ्याची. पॉल कॉफीला लॉस एंजेलिसला धाडून त्यांनी ब्रायन बेनिंग, जेफ चिक्रन आणि पहिल्या फेरीची निवड (नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचा हक्क) मिळवली. मग बेनिंग आणि ती निवड मार्क रेकीच्या जोडीला फिलाडेल्फियाला दिली आणि टॉकेट, उंचापुरा बचावपटू शेल सॅम्युएल्सन आणि राखीव गोलरक्षक केन रेगेट घेतले. तीन माणसांनी तीन भोकं बुजवली. टॉकेटने त्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) 14 सामन्यांत 6 गोल आणि 13 असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) केले, चषक पिट्सबर्गकडेच राहिला. पुढच्या मोसमात त्याचे 48 गोल आणि 109 गुण (गोल आणि असिस्ट मिळून) झाले, शिवाय 252 मिनिटं शिक्षा म्हणून पेनल्टी बॉक्समध्ये!

मग पाठीने दगा दिला. 1993-94 मध्ये 51 सामने आणि 14 गोल. तरीही 1994 च्या उन्हाळ्यात त्याच्या बदल्यात (सोबत दुसऱ्या फेरीची एक निवड होती) लॉस एंजेलिसने ल्युक रोबिताय दिला. जानेवारी 1996 मध्ये तो केव्हिन स्टीव्हन्सच्या बदल्यात बॉस्टनला गेला आणि उरलेल्या मोसमात 27 सामन्यांत 16 गोल केले. महिनाभरात लॉस एंजेलिसने खुद्द ग्रेट्झ्कीला सेंट लुइसला दिलं. घर आवरायला काढलेला संघ भारी सामान आधी बाहेर काढतो. मार्च 1997 मध्ये बॉस्टनचंही तेच झालं. साखळीत तळाला जाणाऱ्या त्या संघाने टॉकेट, ॲडम ओट्स आणि बिल रॅनफर्ड वॉशिंग्टनला देऊन तरुण खेळाडू घेतले. फिनिक्सला तो करार संपल्यावर स्वतः गेला, तो ट्रेड नव्हे. शेवटचा सौदा मार्च 2000 चा, मिकाएल रेनबर्गच्या बदल्यात पुन्हा फिलाडेल्फियाला.

या सौद्यांतले कॉफी, रेकी, रोबिताय आणि ओट्स हे चौघं आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. टॉकेट नाही. 1144 सामने, 440 गोल आणि 2972 पेनल्टी मिनिटं, हा हिशेब निवड समितीच्या चौकटीत नीट बसत नाही, आणि मला त्यात अन्यायही दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. संघ बदलला की खेळाडूचं सगळ्यात आधी काय बिघडतं? आपल्या भागातून पक (हॉकीची रबरी चकती) बाहेर काढताना उभं राहायची जागा. एका प्रशिक्षकाला विंगर (कडेने खेळणारा आक्रमक खेळाडू) कडेच्या फळीला चिकटून खाली, गोलरेषेकडे हवा असतो, दुसऱ्याला दोन-तीन मीटर वर. नवा माणूस जुन्या सवयीने उभा राहिला की बचावपटूचा पास रिकाम्या जागेत जातो, प्रतिस्पर्धी तो उचलतो आणि समोर दोघांविरुद्ध तिघं उभे. सहा संघांच्या पद्धती अंगवळणी पाडलेल्या माणसाला हे फळ्यावर काढून शिकावं लागत नाही. पण नुसतं कळून भागत नाही, हे टॅम्पाच्या संघाने दाखवलं. नोव्हेंबर 2008 मध्ये 16 सामन्यांनंतर बॅरी मेलरोझला (लॉस एंजेलिसमधला टॉकेटचाच जुना प्रशिक्षक) काढून टॉकेटला मुख्य प्रशिक्षक केलं, आणि दीड मोसमात 53 विजय मिळवून तोही गेला. तिथे हाती लागलं ते फक्त स्टीव्हन स्टॅमकोसला घडवणं. नवख्या स्टॅमकोसला त्याने काही सामने बाहेर बसवलं, ताकदीच्या व्यायामाला जुंपलं. पहिल्या वर्षी 23 गोल करणाऱ्या त्या पोराने दुसऱ्या वर्षी 51 केले.

व्हँकुव्हरचे आकडे नशिबाच्या विरोधात बोलतात. 2022-23 मध्ये संघाने 276 गोल केले, 298 खाल्ले. टॉकेट जानेवारी 2023 मध्ये आला. 2023-24 च्या पूर्ण मोसमात गोल 279, म्हणजे जवळपास तेवढेच, पण खाल्ले फक्त 223. गुण 109, पॅसिफिक विभागात पहिला क्रमांक. फरक पडला तो तिसऱ्या फॉरवर्डमुळे (आक्रमक खेळाडू). दोघं कोपऱ्यात पकसाठी झुंजत असताना तिसऱ्याने वर थांबायचं, मोह झाला तरी आत घुसायचं नाही. तो घुसला आणि पक निसटला की मागे दोनच बचावपटू उरतात. दुसरा फरक पेनल्टी किलमध्ये, म्हणजे शिक्षेमुळे कमी माणसांनी बचाव करण्यात. एक माणूस कमी असताना पकमागे धावणं कमी केलं, मधून आडवा जाणारा पास काठीने अडवायचा आणि लांबून येणारा फटका गोलरक्षकावर सोपवायचा.

त्यासाठी माणसंही आणावी लागली. फिलिप ह्रोनेक, इयन कोल, कार्सन सूसी, टेडी ब्लूगर नसते आणि थॅचर डेमको गोलमध्ये नसता, तर फळ्यावरची आकृती फळ्यावरच राहिली असती. नशिबाचा वाटा शोधायचा असेल तर तो गोल करण्यात शोधा. त्या वर्षी संघ फटके कमी मारत होता आणि त्यातले प्रमाणाबाहेर आत जात होते. पुढच्या मोसमात ते थांबलं, जे. टी. मिलरला जानेवारी 2025 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सला दिलं, आणि 90 गुणांवर प्लेऑफ हुकलं. सावध खेळात फटके कमी निघतात, ही त्याच्या पद्धतीची खरी मर्यादा. ती तुमच्या प्रतिक्रियेत यायला हवी होती.

मे 2025 मध्ये तो फिलाडेल्फियाचा प्रशिक्षक झाला. त्यांचा सामना लावलात तर पकचा पाठलाग सोडून पाच मिनिटं फक्त तिसऱ्या फॉरवर्डवर नजर ठेवा. प्रतिस्पर्ध्याच्या भागात पक गेला की तो बचावपटूच्या पुढे, पण पकच्या मागे थांबलेला दिसतो का? आणि दुसऱ्या वीस मिनिटांत, जेव्हा खेळाडूंचा बाक आपल्या गोलपासून लांब पडतो, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची पाळी संपल्यावर तो बदलीसाठी परततो, की दमलेला असूनही पुन्हा आत घुसतो, तेही पाहा.