तोंड वाकडं झालं तर स्टिरॉइड टाळू नका: ‘ग्रोथ फॅक्टर’च्या मेसेजला उत्तर

“चेहऱ्याचा लकवा झाला तर स्टिरॉइड घेऊ नका. स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन घ्या. नोबेल मिळालेला शोध, नस पुन्हा उगवते, साइड इफेक्ट शून्य, सगळे बरे होतात.” हा मेसेज वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर चेहरा कायमचा वाकडा राहू शकतो, म्हणून हे लिहितोय.

नोबेल खरं आहे. 1986 साली रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना ते मिळालं. पण त्यांच्या ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’वर, म्हणजे नसपेशींना वाढवणाऱ्या आणि जगवणाऱ्या घटकावर, मुख्यतः संवेदनेच्या आणि सिम्पथेटिक (घाम, हृदयाचे ठोके अशी आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या) नसा पोसतात. चेहरा हलवणाऱ्या पेशींना लागणारे घटक वेगळे: बीडीएनएफ, जीडीएनएफ, सीएनटीएफ. 1990 मध्ये नवजात उंदरांची चेहऱ्याची नस कापून सीएनटीएफ दिलं, तेव्हा मरू घातलेल्या पेशी वाचल्या. आशा वाटावी असंच ते होतं. पुढे तेच सीएनटीएफ एएलएसच्या (स्नायू हलवणाऱ्या नसपेशी हळूहळू मरण्याच्या आजाराच्या) रुग्णांना दिलं, तर वजन घटलं, खोकला लागला, आजार मात्र हटला नाही. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर टोचल्यावर तर दुखणं वाढतं. मग ‘साइड इफेक्ट शून्य’ कशाच्या जोरावर?

नस उगवते, हेही खरं. इजा झाली की नसेभोवतीच्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या पेशी हे घटक स्वतःच तयार करतात आणि तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतो. अडचण वाढीची कमी, वाटेची जास्त. डोळ्याकडे जायचा तंतू ओठाकडे गेला की हसताना डोळा मिटतो. बाहेरून घटक ओतून ही वाट सुधारत नाही. उंदरांमध्ये जीडीएनएफ एकाच जागी फार झालं, तेव्हा तंतू तिथेच गुंता करून अडकले.

‘सगळे बरे होतात’ म्हणणाऱ्यांनी कोपनहेगनची पाहणी बघावी. तिथे बेल्स पाल्सीचे (ठोस कारण न सापडता अचानक होणाऱ्या चेहऱ्याच्या लकव्याचे) सुमारे 71 टक्के रुग्ण कुठल्याही औषधाविना पूर्ण बरे झाले. इंजेक्शननंतर बरे झालेल्यांत असे किती होते, हे मेसेज सांगत नाही.

आता स्टिरॉइड. ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. ती सुजली की तिथेच दबते, आणि सूज उतरवणं हेच स्टिरॉइडचं काम. 2007 च्या स्कॉटलंडमधल्या चाचणीत 72 तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करून दहा दिवस दिलं. नऊ महिन्यांनी पूर्ण बरे झालेले 94 टक्के, ते न घेणाऱ्यांत 82. मधुमेह असेल तर साखर वाढते; ती मोजत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घ्यायच्या.

रात्री डोळा मिटत नसेल तर थेंब, मलम आणि पापणीवर चिकटपट्टी. बुबुळ कोरडं पडून जखम होते ती इथेच. आणि तोंड वाकडं असूनही दोन्ही बाजूंच्या कपाळाला आठ्या पडत असतील, किंवा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा 72 तास मोजायचे नाहीत, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.